जेवल्यानंतरचा अर्धा तास

एका वाचक मुलीचं पत्र आलंय, बरंच मोठं आहे. नाव, गाव आणि वजनाचे सगळे आकडे गाळून थोडक्यात देते.

'ताई, मी २४ वर्षांची. लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी खासगी शाळेत शिकवते. दोन वर्षांपूर्वी घरात स्थळं बघायला सुरुवात झाली. एका स्थळाकडून निरोप आला, मुलगी चांगलीय पण अंगानं जरा भरलेली आहे. त्या दिवसापासून मी रात्रीचं जेवण सोडलं. मग सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी धरली. घरात कौतुक झालं. पुढे पुढे मात्र रात्री सगळे झोपले की स्वयंपाकघरात जाऊन हाताला येईल ते खायचे आणि मग उलटी काढायचे. आठ महिन्यांपूर्वी शाळेत प्रार्थनेच्या वेळी चक्कर येऊन पडले. रक्तात पोटॅशियम कमी निघालं. लातूरच्या मानसोपचारतज्ज्ञांनी बुलिमिया सांगितला, म्हणजे भरमसाट खाऊन मग ते उलटून टाकण्याचा आजार. गोळ्या, समुपदेशन आणि आहारतज्ज्ञांचा तक्ता सुरू आहे. बराच फरक पडलाय, पण पूर्ण थांबलेलं नाही. तीन महिन्यांपासून गावातल्या योगवर्गाला जाते. शवासनात पडले की कित्येक दिवसांनी डोकं गप्प होतं. आमच्या मॅडम म्हणतात, मन ताब्यात नाही म्हणून हे सगळं होतं, गोळ्या सोड आणि ४१ दिवस साधना कर. साधनेत पहाटे कपालभाती, शुद्धिक्रिया, सूर्यनमस्कार आणि एकवेळचं जेवण आहे. त्यात आईनं तुळजाभवानीला बोलून ठेवलंय की यंदा नवरात्रात मी नऊ दिवस उपवास धरीन. मला खरंच बरं व्हायचंय. गोळ्या सोडून योगानं हे जाईल का? खाण्याची ती ओढ मारणारा एखादा प्राणायाम सांगाल का?'

चार उत्तरं आधी देऊन टाकते, बाकीचं मग सावकाश बोलू. गोळ्या सोडू नकोस. एकवेळचं जेवण नको. शुद्धिक्रियेतली उलटी तर अजिबात नको. आणि योग सोडू नकोस.

पहिल्या तिन्हींसाठी तुला घरात आणि वर्गात थोडं भांडावं लागेल, म्हणून कारणं नीट सांगते. चौथ्यासाठी मात्र मलाच तुझ्याशी जरा भांडायचंय. ओढ मारणारा प्राणायाम हवा, असं तू लिहिलंस. ही ओढ आहे तरी कोण, जिला मारायचंय?

मॅडम म्हणतात मन ताब्यात नाही, आणि तूही पत्रात तीन ठिकाणी लिहिलंयस, 'माझ्यात जिद्दच नाही.' अगं, जी मुलगी आठवड्यातले दोन-तीन दिवस उपाशी राहून दिवसभर फळ्यापुढे उभी राहते, तिच्यात जिद्द कमी? तुझ्याकडे जिद्दीचा सुकाळ आहे. दुष्काळ पडला तो अन्नाचा.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञानं ३६ तरुणांवर एक प्रयोग केला. बंदूक हाती धरायला नकार दिलेली, स्वखुशीनं आलेली ही मुलं. अंगानं धडधाकट, मनानं खंबीर, अशी पारखून घेतलेली. त्यांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. हळूहळू त्यांच्या सगळ्या गप्पा जेवणावर येऊन ठेपायला लागल्या. काही जण पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे, ताटं चाटूनपुसून घ्यायचे, एकेक घास पुरवून पुरवून खायचे. चिडचिड, उदासी, सारखी थंडी. आणि पुन्हा पोटभर अन्न मिळायला लागलं तेव्हा काहींना पोट तुडुंब भरलं तरी थांबता येईना. यातल्या एकाचंही मन प्रयोगाआधी 'ताब्याबाहेर' नव्हतं. स्थळंही बघायला सुरुवात झाली नव्हती.

तेव्हा रात्री साडेअकराला तुला लाडवाच्या डब्याकडे ओढून नेते ती दिवसभराची थकबाकी असते. दिवसा बुडवलेलं शरीर रात्री वसुलीला येतं. मग तू उलटी काढतेस, शरीर पुन्हा उपाशी राहतं, भीतीनं दुसऱ्या दिवशी उपवास धरतेस, आणि रात्री वसुली पुन्हा दारात. हे चक्र तुटायची जागा रात्री साडेअकरा ही नाहीच मुळी. ती जागा सकाळची न्याहारी आणि दुपारी चारचं खाणं. तीन जेवणं, मध्ये दोन-तीन वेळा थोडं काही, आणि मधे तीन-चार तासांपेक्षा मोठं अंतर नाही. आहारतज्ज्ञांनी तुला हेच लिहून दिलंय. दिसायला किती साधं! चार वाजताचं खाणं तू 'नाही घेतलं तरी चालतं' असं लिहिलंस, पण या आजारात ते गोळीइतकंच औषध आहे. मूठभर शेंगदाणे-गूळ किंवा सकाळचं अर्धं धपाटं दह्याशी, डब्यात घेऊन जा आणि घंटा झाली की खा. भूक लागली का, हे विचारत बसू नकोस.

इथे एक गंमत सांगते. हल्ली सगळीकडे ऐकतेस ना, शरीराचं ऐका, भूक लागली की खा, एक मनुका दहा मिनिटं चघळत खा, मौनात जेवा? चांगल्याच गोष्टी आहेत, पण तुझ्यासाठी अजून वेळ आहे. वर्ष-दीड वर्ष ज्या भुकेचा आवाज दाबला, ती आज बोलावल्याबरोबर खरं सांगेल असं नाही. पोट भरल्याची खूणही सध्या लवकर येते किंवा येतच नाही. आणि एकेक घास निरखत खाणं, हे तर तुझा आजार आधीपासूनच करतोय. तू सध्या घड्याळ बघून जेव, आणि जेवताना भावाशी क्रिकेटवर बोल. भूक आणि तृप्ती यांच्याशी पुन्हा ओळख नंतर करून घे, समुपदेशकांच्या सोबतीनं.

आता शुद्धिक्रिया. पहाटे मिठाचं कोमट पाणी पिऊन ते उलटून टाकायचं, ही जुनी क्रिया आहे आणि निरोगी माणसानं जाणकाराच्या हाताखाली केली तर त्यावर मला काही म्हणायचं नाही. पण जिचा आजारच उलटीचा आहे तिला उलटीला 'शुद्धी' म्हणायला शिकवणं म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्याला तीर्थ म्हणून घोट पाजणं. वारंवार उलटीनं शरीरातलं पोटॅशियम घटतं आणि पोटॅशियम घटलं की हृदयाची लय बिघडू शकते. प्रार्थनेच्या रांगेत तू कोसळलीस ते उगीच नव्हे. मॅडमना हे माहीत असतं तर त्यांनी सुचवलंच नसतं, असं मी धरून चालते. तू त्यांना नक्की काय सांगितलंयस? पत्रावरून वाटतं की 'खाण्यावर ताबा राहत नाही' एवढंच. उलटीचं सांगितलेलं दिसत नाही.

एकवेळच्या जेवणाला योगाचा आधार आहे असं कुणी म्हणालं तर एवढं सांग: गीतेच्या सहाव्या अध्यायात फार खाणाऱ्याला योग नाही असं जिथे म्हटलंय, त्याच ओळीत मुळीच न खाणाऱ्यालाही योग नाही असं म्हटलंय. हठयोगप्रदीपिकेनं तर साधकानं टाळायच्या गोष्टींत उपवास आणि अंगाला क्लेश देणारे प्रकार सांगितलेत. तिच्यातला मिताहारही स्निग्ध आणि गोड अन्नाचा आहे, पोटाचा चौथा भाग रिकामा ठेवून. म्हणजे तीन भाग भरलेले, हे आपण सोयीनं विसरतो.

कपालभातीचं म्हणशील तर ती पोट कमी करण्याचं यंत्र म्हणून इतकी विकली गेली आहे की तुझ्या डोक्यात तिचा दुसरा अर्थ राहिलेला नसणार. पोटाला हिसके देणारा कोणताही प्रकार सध्या बाजूला ठेव. सूर्यनमस्कारांचा हिशेब वेगळा. बारा घातले, अंग मोकळं झालं, चहा घेतला, तर उत्तम. पण काल लाडू खाल्ला म्हणून आज १०८, हे शुद्ध प्रायश्चित्त झालं. स्वतःला एक प्रश्न विचार: आज वर्ग बुडाला तर काय वाटेल? 'चुकल्यासारखं वाटेल' इथपर्यंत ठीक. 'वजन वाढेल' किंवा 'आज जेवायचा हक्क नाही' असं उत्तर आलं, तर त्या दिवशी चटईवर तू बसलेली नसतेस, तुझा आजार बसलेला असतो. आणि अंगमेहनतीची आसनं पुन्हा सुरू करण्याआधी डॉक्टरांना नाडी, आडवं आणि उभं असतानाचं बीपी, पोटॅशियम, ईसीजी एकदा बघायला सांग. चक्कर येत असेल तर डोकं खाली जाणारं कुठलंच आसन नको. पाळी थांबली असेल तर तेही सांग. हाडं ठिसूळ झालेली असू शकतात.

एवढं सगळं नको म्हटल्यावर उरलं काय? तूच लिहिलंस ते वाक्य: 'शवासनात पडले की डोकं गप्प होतं.' पूर्ण पत्रात मला हे सगळ्यात मोलाचं वाटलं, आणि ते खोटं नाही. सिएटलच्या बालरुग्णालयात खाण्याचे विकार असलेल्या ५४ किशोरवयीन मुलामुलींवर झालेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना नेहमीचे उपचार, काहींना त्याच उपचारांबरोबर आठ आठवडे एकेकट्यानं शिकवलेला योग. योग करणाऱ्यांची लक्षणं जास्त उतरली, आणि तास संपल्यावर लगेच विचारलं तर डोक्यातला खाण्याचा घोळ कमी झालेला असायचा. अभ्यास छोटा आहे, त्यावर इमले बांधू नयेत. पण एक गोष्ट बघ, तिथे योग उपचारांच्या जोडीला होता. कुणाच्याही गोळ्या किंवा तक्ता काढून घेतला नव्हता.

ही शांतता तू वापरतेस कधी? पहाटे साडेपाचला, जेव्हा तुला तिची सगळ्यात कमी गरज असते. तुझी खरी अडचणीची वेळ जेवल्यानंतरची आहे. पोट भरलंय, कमरेला नाडी घट्ट लागते आहे, आणि आतून एकच धोशा: काढून टाक. तो अर्धा तास बसून काढता येणं, एवढंच काम योगाकडून घ्यायचं. खाण्यावर ताबा वगैरे मोठी कामं त्याच्यावर टाकू नकोस.

असं करून बघ. जेवण झालं की ओसरीवर भिंतीला पाठ टेकून बस. तळपाय शहाबादी फरशीवर उघडे ठेव, थंडावा कळू दे. डोळे मिटू नकोस. या वेळी मिटले की आत फक्त पोट दिसतं. वर्गात हात पोटावर ठेवायला सांगतात, तू बरगड्यांवर ठेव, बाजूला. चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, मध्ये रोखायचा नाही. श्वास सोडताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात, म्हणून सोडणं लांबवायचं, त्यात दुसरं काही गूढ नाही. दहा-बारा श्वास झाले की मोजणं थांबव आणि कानाला काय येतंय ते घे. शेजारचा मिक्सर, गल्लीतला भाजीवाला, पाण्याच्या टँकरचा हॉर्न. मग त्या ओढीकडे बघ. कुठे बसली आहे ती? घशात, छातीत, की दाबून धरलेल्या जबड्यात? तिच्याशी वाद घालू नकोस, आज तिची जागा फक्त शोध. ती चढते, एका ठिकाणी फार जोर करते, आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत उतरायला लागते. या वेळात आईला किंवा बहिणीला जवळ बसव. त्यांनी उपदेश करायचा नाही, तुरीच्या शेंगा सोलत बसलं तरी पुरे.

पहिल्या दिवशी हे जमणार नाही. दहा मिनिटं बसलीस आणि तरी उलटी झालीच, तर दहा मिनिटं जमा धर. तोंड साध्या पाण्यानं खळखळून धू, लगेच ब्रश करू नकोस, आम्लानं मऊ झालेलं दातांवरचं आवरण घासलं जातं. आणि पुढचं खाणं ठरल्या वेळी. भरपाईचा उपवास नाही.

श्वासाकडे लक्ष दिल्यावर उलट जीव घाबरा होतो, असंही काहींना होतं. तुझं तसं झालं तर श्वास सोडून दे आणि तळपायांवरच राहा. दोन्ही पायांनी फरशी दाबायची, सोडायची. मुठी आवळायच्या, सोडायच्या. तेवढंही चालतं.

याच धर्तीवर काही जणी दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराबद्दल विचारतात. आपल्याकडे ती वाट बरेच जण धरतात आणि मला तिच्याबद्दल आदर आहे. पण तिथे दुपारनंतर जेवण नसतं, नव्या साधकांना संध्याकाळी चहा-फळांसारखं हलकंच काही मिळतं, आणि दहा दिवस कुणाशी बोलायचं नसतं. आजार अंगात असताना हा मेळ नको, आणि अर्जात आजार लपवून तर नकोच. ज्याची ही साधना, त्या सिद्धार्थानंसुद्धा उपासमार करून पाहिली, सोडून दिली आणि सुजातेची खीर खाल्ली.

आता आई आणि नवरात्र. आईनं नवस बोलला तो तुझ्या काळजीनं, हे तुलाही कळतंय. पण उपवासानं तुझ्या आजाराला दोन वर्षं आडोसा दिला. उपाशी मुलीला घरात 'काय गं झालं' विचारतात, उपवासाच्या मुलीला 'गुणाची गं माझी' म्हणतात. शिवाय चालतं आणि चालत नाही ही उपवासाची भाषा तुझ्या आजाराची मातृभाषा आहे. भगर चालते, भाकरी चालत नाही. वरण चालतं, वरणावरचं तूप चालत नाही. (मी स्वतः गुरुवार धरते आणि संध्याकाळी घरच्यांवर ओरडते, तेव्हा उपवासाविरुद्ध माझं काही नाही. दुखणेकऱ्याला मात्र कुठल्याच देवानं तो सांगितलेला नाही.) नुसता 'उठता-बसता' धरते, पहिला आणि शेवटचा दिवस, अशी तडजोड घरात निघेल. तीही यंदा नको. आईला पुढच्या भेटीला डॉक्टरांकडे घेऊन जा आणि त्यांच्या तोंडून ऐकव. देवीचं देणं फेडायचं तर उपवासाऐवजी जोगवा माग. मंगळवारी किंवा शुक्रवारी परडी घेऊन पाच घरी जायचं, मिळेल त्या पिठाची भाकरी घरात सगळ्यांनी मिळून खायची, तूही. भवानीला हा मार्ग आपल्या बायांनी पिढ्यान्‌पिढ्या चालवून दाखवलाय.

मॅडमशी वर्ग सुटल्यावर एकटीनं बोल. 'मला बुलिमिया आहे, औषध चालू आहे. कपालभाती आणि शुद्धिक्रियेच्या वेळी मी बाजूला बसेन. माझ्या पोटाबद्दल आणि वजनाबद्दल वर्गात बोलू नका.' एवढं पुरे. त्यांनी मान्य केलं तर सोन्याहून पिवळं. नाही केलं तर शवासन काही त्यांच्या मालकीचं नाही, घरी सतरंजीवर होतं. गोळ्यांबद्दल शंका असेल, झोप येते, तोंड कोरडं पडतं, काहीही, तर ती त्या लिहून देणाऱ्यांनाच विचार. कमी करायच्या वेळी तेच हळूहळू कमी करतील.

हे वाचणाऱ्या दुसऱ्याही कुणी असतील. लातूरच्या ट्यूशन एरियात, शिकवणी वर्गांच्या भागात, मेसचा डबा अर्धा परत पाठवणाऱ्या मुली, पोलीस भरतीसाठी वजन मोजून मोजून रात्री चोरून खाणारी मुलं, हो, मुलंसुद्धा. जेवण झालं की लगेच मोरीत जाणं, उपवास अचानक वाढणं, सतत थंडी, केस गळणं, जेवणाच्या वेळी बरोब्बर काहीतरी काम निघणं, हे घरच्यांनी बघावं, आणि 'काय हे थेर' म्हणण्याआधी दवाखाना गाठावा. वजन नेहमीसारखं दिसलं तरी आजार असू शकतो. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात दाखवता येतं. अंबाजोगाई, लातूर, नांदेडच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत आणि संभाजीनगरच्या घाटी या सरकारी रुग्णालयातही. टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर रात्रीबेरात्रीसुद्धा मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. चक्कर येऊन पडणं, छातीत धडधड, हातापायांत गोळे, उलटीत रक्त, किंवा जगावंसं न वाटणं, यापैकी काही असेल तर सकाळची वाट बघू नये.

एक प्रसंग मी मुद्दाम सारांशात घेतला नव्हता. गेल्या येळवसाला, म्हणजे शेतात जेवायच्या वेळा अमावस्येला, तुम्ही सगळे शेतात गेला होतात. कडब्याची कोपी, आंबिलीचं मडकं, भज्जी, उंडे. काकूनं तुझं ताट भरलं, 'खा की गं, आजच्यानं काय होतंय?' आणि तीच काकू हात धुता धुता म्हणाली, 'आता स्थळं बघायलेत, जरा बेतानं खायाव.' तू तुरीच्या आड गेलीस आणि परत आलीस तेव्हा सगळे हसत-खिदळत होते, कुणाला काही कळलं नाही.

यंदा येळवसाला जा. ताट स्वतःच्या हातानं वाढून घे, तक्त्यात बसेल तसं; आंबीलही घे, ती तुला आवडते असं तूच लिहिलंयस. आधी बहिणीला सांगून ठेव, जेवण झालं की बांधावरच्या लिंबाखाली आपण दोघी बसायचं, अर्धा तास, चपला काढून, पाय मातीत. आणि काकू पुन्हा पळी घेऊन आली, तर तिला हसत सांग: 'काकू, भज्जी वाढ, मापं काढू नको.'